चर्चमधली जुनी पायपेटी पुन्हा बोलती करायची आहे? स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी एवढं वाचा

नाताळच्या आधीचा रविवार. गीत संपलं, वाजवणाऱ्या बाईंनी पट्ट्यांवरून हात काढले, पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले, आणि पेटी एकटीच एक सूर धरून बसली. भात्यातला दम संपेपर्यंत, म्हणजे चांगली चार सेकंदं. मागच्या बाकांवरची पोरं फिदीफिदी हसली. भक्तीनंतर पंचांच्या बैठकीत दोन मतं पडली. एक, पेटी भंगारात घाला आणि नवा कीबोर्ड आणा. दुसरं माझ्याकडे बोट दाखवून, "तू उद्यमनगरात असतोस ना? मग तूच बघ की."

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, पॅटर्नमेकर आहे. फौंड्रीच्या साच्यांसाठी लाकडी नमुने बनवतो. लाकूड कळतं, मिलीमीटर कळतो, संगीतातलं मात्र 'सा' आणि 'प' याच्या पलीकडे काही नाही. पेटी पूर्ण वाजती व्हायला दोन वर्षं गेली आणि त्यातलं एक वर्ष मीच केलेल्या चुका निस्तरण्यात गेलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हा लेख.

मला उमगलेली मुख्य गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर बेतलेला आहे: आधी हवा, मग धूळ, आणि सुराला हात सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. पेटी बेसूर वाटली की कानस घेऊन रीडवर, म्हणजे सूर काढणाऱ्या पितळी पात्यांवर, बसतात. पितळ एकदा घासलं गेलं की ते परत येत नाही.

१. ही पेटी नक्की कोणती, ते ठरवा

आपल्याकडे तीन वेगळ्या वाद्यांना लोक सर्रास 'ऑर्गन' म्हणतात. पहिला खरा पाइप ऑर्गन. त्यात हवा दाबानं नळ्यांमध्ये जाते आणि नळी बोलते. असा ऑर्गन मुंबईच्या जुन्या कॅथीड्रलमध्ये बघायला मिळतो. दुसरं हार्मोनियम. त्यात नळ्या नाहीत, पितळेच्या पात्या म्हणजे रीड आहेत, आणि भाता हवा बाहेर ढकलतो. आपली हातपेटी याच कुळातली. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. तिसरी अमेरिकन धाटणीची पायपेटी. तिच्यातही रीडच आहेत, पण कारभार उलटा: पायट्या मारल्या की भात्यातली हवा बाहेर फेकली जाते, आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा रीडमधून आत ओढली जाते. म्हणजे ही पेटी फुंकत नाही, श्वास घेते. तिचा आवाज मऊ का, याचं निम्मं उत्तर यातच आहे.

१८५२ साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि इथे अमेरिकन मिशनचं काम सुरू झालं. त्यामुळे आपल्या भागातल्या एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जुनी पेटी असेल तर ती अमेरिकन असण्याची शक्यता आधी तपासा. आमची तशीच निघाली.

तपासायची सोपी युक्ती आहे. मागची फळी काढा, एकानं पायट्या मारून एक पट्टी दाबून धरावी, दुसऱ्यानं रीडच्या रांगेजवळ पेटती उदबत्ती धरावी. धूर आत खेचला गेला तर ओढणारी पेटी, बाहेर ढकलला गेला तर दाबाची. (चर्चमध्ये उदबत्ती कशाला, म्हणून एका आजींनी मला दारातच हटकलं होतं. आधी सांगून ठेवा.) उदबत्ती पट्ट्यांपासून मात्र लांब ठेवा. जुन्या पट्ट्यांवरचं पांढरं आवरण पुष्कळदा सेल्युलॉइडचं असतं आणि ते भसकन पेटतं. आवरणात बारीक रेषा दिसत असतील आणि एकाच पट्टीवर पुढचा-मागचा असे दोन तुकडे जोडलेले असतील, तर ते हस्तिदंत असू शकतं. मग पेटी किंवा सुट्या पट्ट्या विकायचा विचारही करू नका. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही.

२. खटके मोजून फसू नका

पट्ट्यांच्या वर ओढायचे गोल खटके असतात. आमच्या पेटीला ११ आहेत. मी पंचांना सांगून मोकळा झालो, "अकरा प्रकारचे सूर आहेत." आत बघतो तर रीडचे संच दोनच! ६१ पट्ट्या, दोन संच, एकूण १२२ रीड.

बाकीचे खटके काय करतात? 'डल्सियाना' लिहिलेला खटका पुष्कळ पेट्यांत 'डायपेसन'च्याच, म्हणजे मुख्य संचाच्याच, रीडवरचं झाकण थोडंसं उघडतो, म्हणून आवाज हळू येतो. 'व्हॉक्स ह्युमाना' हा सूरच नाही, हवेवर फिरणारा पुठ्ठ्याचा पंखा आहे; तो आवाज थरथरवतो. 'कपलर' एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी दाबतो. खटक्यावरचे ८, ४, १६ हे आकडे पाइप ऑर्गनकडून आले आहेत: तिथे सगळ्यात खालच्या 'सी'ची उघडी नळी साधारण ८ फुटांची असते. ४ म्हणजे एक सप्तक वर, १६ म्हणजे एक सप्तक खाली. आपल्याकडे नळी नाही, बोटभर पितळ आहे, पण नाव तेच राहिलं.

आणि एक सापळा. खटक्यावर 'सेलेस्ट' असं असेल तर तो संच मुद्दाम किंचित बेसूर ठेवलेला असतो. दोन संच एकत्र वाजले की आवाजात लाट उठावी म्हणून. एका हौशी माणसानं दुसऱ्या गावातल्या पेटीचा सेलेस्ट 'दुरुस्त' करून ठेवलेला मी बघितला आहे. त्या पेटीचा गोडवाच गेला होता.

३. कागद आधी

हा भाग कंटाळवाणा आहे. पण टाळलात तर दोन वर्षांनी कुणीतरी उठून विचारणारच, "पेटी कुणाला विचारून उघडली?" जवळ एवढं ठेवा:

- पंच कमिटीचा लेखी ठराव, त्यात 'तपासणी' आणि 'दुरुस्ती' हे शब्द वेगवेगळे
- मंडळीच्या जंगम मालमत्तेच्या नोंदवहीतल्या पेटीच्या नोंदीची प्रत. ट्रस्ट असेल तर पी.टी.आर. (सार्वजनिक ट्रस्टची सरकारी नोंदवही) उताऱ्यात पेटी आहे का तेही बघा
- दानपत्र, पितळी पाटी, जुन्या वार्षिक अहवालातला उल्लेख, जे सापडेल ते
- पेटीवरची कंपनीची पाटी आणि क्रमांक यांचा फोटो
- कारागीर बोलावणार असाल तर लेखी कोटेशन, आणि 'काढलेला कोणताही भाग परत दिला जाईल' ही ओळ

शेवटची ओळ माझी आहे, वकिलाची नाही. पण सगळ्यात कामाची तीच ठरली.

४. फोटो काढल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नका

पॅटर्नच्या कामात आम्ही प्रत्येक तुकड्यावर खूण करतो. इथेही तेच. प्रत्येक फळी काढण्याआधी फोटो, काढल्यावर फोटो, आणि आतल्या बाजूला पेन्सिलीनं बारीक आकडा. स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत. मी आइस्क्रीमचे कप वापरले. लांब स्क्रू आखूड जागी बसला तर थेट हवेच्या खोलीला भोक पडतं आणि ती गळती शोधण्यात तुमचे तीन रविवार जातात. माझे गेले.

पट्ट्या काढताना पहिली आणि शेवटची पट्टी उलटून बघा. कारखान्यातल्या माणसानं पेन्सिलीनं केलेली सही किंवा तारीख तिथे सापडू शकते. ती पुसू नका. आमच्या पेटीत सही होती, पण वाचता आली नाही.

लागणारी हत्यारं:

- रुंद पात्याचे दोन-तीन स्क्रूड्रायव्हर. जुन्या स्क्रूंच्या खाचा अरुंद पात्यानं फाटतात
- रीड उपसायचा हूक. ३ मिमी पोलादी पट्टीच्या टोकाला कानशीनं छोटा आकडा करून घ्या, उद्यमनगरात कुणीही पाच मिनिटांत करून देईल. आधी पेटीच्या आत शोधा. मूळचा हूक कडेला अडकवून ठेवलेला मिळू शकतो
- मऊ ब्रश, एक ताठ ब्रश, हळू चालणारा व्हॅक्यूम क्लीनर
- ओळीनं भोकं पाडलेली फळी, प्रत्येक भोकाला आकडा, काढलेली रीड ठेवायला
- सरस आणि तो तापवायला दुहेरी भांडं
- गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी, दोन मीटर. कशाला, ते पुढे येतं

५. भाता: खरं काम इथे आहे

सगळे खटके आत ढकला, भाता पूर्ण ओढून घ्या, पाय थांबवा आणि सेकंद मोजा. आमची पेटी चार सेकंदांत सुटायची. दुरुस्तीनंतर ती पंचेचाळीसपर्यंत गेली. तुमची पेटी आठ-दहा सेकंदांत सुटत असेल तर सुरांकडे बघूसुद्धा नका.

भात्याचे भाग तीन: पायट्यांना जोडलेले दोन छोटे ओढणारे भाते आणि त्यांच्यामागे मोठा साठवणीचा भाता. मोठ्यात स्प्रिंगा असतात, त्या तो उघडा ठेवू बघतात. हवा गेली की तो मिटतो. कापड रबर लावलेलं असतं. शंभर वर्षांनी ते रबर पापडासारखं होतं. घडीच्या जागी बोट फिरवा, काळा भुगा हाताला लागला तर कापड बदलायला आलं.

जुनं कापड फाडू नका. कोमट पाण्याचं फडकं लावून सरस मऊ करा आणि कापड अख्खं सोलून काढा. तोच तुमचा नमुना. कोपऱ्यातल्या घड्या आणि आतल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कागदावर उतरवून घ्या.

नवं कापड आणताना मी पहिली मोठी चूक केली. लक्ष्मीपुरीतून चांगलं जाड रेक्झिन आणलं, दिसायला झकास. भाता असा ताठ झाला की बाईंचे पाय दुसऱ्या कडव्यालाच भरून आले. "अरे, हे काय सायकल दामटतोय का मी?" सगळं परत उचकटलं. कापड पातळ, सुती पाठीचं, रबर लावलेलं हवं. घडी घातली की आपण होऊन बसलं पाहिजे. पारख सोपी: ओठांवर ताणून धरा आणि जोरात फुंका. पलीकडे हाताला वारा लागला तर दुकानदाराला परत द्या.

चिकटवायला सरसच. पांढरा गम पटकन धरतो, मान्य, पण पुढच्या माणसाला तो सोडवता येत नाही, लाकडाचे कपचे घेऊनच निघतो. सरस रात्रभर पाण्यात भिजवा, दुहेरी भांड्यात ६० अंशांच्या आसपास तापवा. उकळी आली की त्याची ताकद गेली, टाकून द्या. वास येतो, घरची माणसं ओरडतात. गॅलरीत करा.

आता कातडं. छोट्या भात्यांच्या आत भोकांच्या रांगांवर कातड्याच्या पट्ट्या सैलसर ताणलेल्या असतात. त्याच झडपा. कातडं वाळून कडक झालं की कडा वळतात, पायटी मारताना फटफट आवाज येतो आणि ओढलेली हवा परत जाते. कोल्हापुरात कातड्याला काय तोटा, असं मला वाटलं होतं. पण चपलेचं कातडं जाड, दणकट. झडपेला ते चालतच नाही. सुभाषनगरात एका कारागिराला जुना तुकडा दाखवला. त्यानं तो दोन बोटांत चोळला, गालाला लावून बघितला आणि आतून मेंढीचं अस्तराचं पातळ कातडं आणलं. म्हणाला, "हे गालाला कळलं नाही पाहिजे." झडपेच्या कातड्याची याहून चांगली पारख मला अजून कुणी सांगितलेली नाही.

भाता बसला की लेव्हलच्या नळीचं काम. नळी इंग्रजी 'यू'सारखी वाकवून फळीला बांधा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक रीड उपसा, त्या रिकाम्या खाचेत नळीचं एक टोक रबरी बुचात घालून घट्ट बसवा, त्या संचाचा खटका ओढा, पट्टी दाबून धरा आणि पायट्या मारा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजा. आमच्या पेटीत तो ३ ते ४ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो. आकड्यापेक्षा पाणी किती स्थिर आहे ते महत्त्वाचं. ते नाचत असेल तर अजून कुठेतरी गळती आहे. उदबत्ती घेऊन सांध्यांवरून फिरा. मला शेवटची गळती भाता आणि रीडची फळी यांच्यामधल्या कातडी पट्टीत सापडली, अगदी कोपऱ्यात.

६. अडकलेले आणि मुके सूर

आता नाताळच्या त्या हट्टी सुराची गोष्ट. प्रत्येक पट्टीखाली लाकडाची एक काडी असते. पट्टी दाबली की काडी खाली जाते आणि झडप उघडते. ओल धरली की काडी फुगते, भोकात रुतते, झडप उघडीच राहते. तेल घालू नका! तेलानं लाकूड आणखी फुगतं आणि धूळ धरतं. काडी काढा, मऊ पेन्सिलीचं शिसं चोळा, परत घाला. तरी अडली तर अगदी बारीक पॉलिशपेपरचे दोन हात, तिसरा नको. आमच्या काडीला दोनच लागले. सव्वाशे माणसांसमोर झालेल्या फजितीचं कारण दाढीच्या केसाएवढं फुगलेलं लाकूड होतं.

काडी मोकळी असूनही सूर थांबत नसेल तर झडपेच्या नमद्याला कसर लागली असेल किंवा मध्ये कचरा बसला असेल. एका झडपेखाली मला भाताचं तूस सापडलं. तिथे ते कसं पोचलं, कोण जाणे; आपला संशय उंदरावर.

सूर बोलतच नसेल तर दहातल्या आठ वेळा पाते आणि चौकट यांच्यात धूळ अडकलेली असते. हूक रीडच्या मागच्या खाचेत घाला, सरळ ओढा. तिरका ओढलात तर चौकट अडकते. रीड ब्रशनं झटका, उजेडाकडे धरून पात्याभोवतीची फट चारी बाजूंनी सारखी दिसते का बघा, फटीतून पातळ कागदाची पट्टी एकदा ओढा, परत बसवा. पात्याला मुळीच वाकवू नका. त्याचा तो किंचितसा बाक मुद्दाम दिलेला असतो. तो बिघडला की सूर उशिरा बोलतो.

आता माझी दुसरी मोठी चूक, जी सांगायला अजून जड जाते. रीड काळपट झाली होती. घरी तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं लख्ख होतात, मग रीड का नाही? बारा रीड चिंचेच्या पाण्यात घातली. सोन्यासारखी निघाली. बसवून वाजवली तर बाराही वेगळ्याच तोंडानं बोलत होती. आंबटानं पितळ खाल्लं जातं, आणि रीडचा सूर तिच्या जाडीवर असतो. चकचकीत रीड काही जास्त गोड बोलत नाही. काळी असली तर असू द्या.

७. सूर लावायचा? आधी ठरवा कशाला लावायचा

हवा स्थिर झाली, धूळ गेली, की अर्ध्याहून जास्त 'बेसूर' आपोआप जातं. त्यानंतरही पेटी आणि गिटार जुळत नाहीत, अशी तक्रार येईलच. इथे थांबा आणि मोबाइलच्या ट्यूनरवर मधला 'ए' मोजा. जुन्या अमेरिकन पेट्या पुष्कळदा आजच्या ४४० हर्ट्झवर (सेकंदाला ४४० कंपनं) नसतात. अमेरिकेतल्या पियानो बनवणाऱ्यांनी १८९१ मध्ये ४३५ ही पट्टी धरली होती. ४३५ आणि ४४० यांत जवळजवळ २० सेंटचा फरक पडतो. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. आपली प्रमाण श्रुती २२ सेंटच्या आसपास. म्हणजे जेमतेम एका श्रुतीचा फरक. पण गिटारबरोबर तो कानाला टोचतो.

तरुण मंडळी म्हणतील, पेटी ४४० ला आणा. म्हणजे सगळी १२२ रीड टोकाकडे खरवडा. माझा याला विरोध आहे आणि पंचांनाही तो पटला. कीबोर्डमध्ये ट्यूनिंग खाली आणायची सोय असते, दोन बटणांचं काम. गिटारच्या खुंट्या फिरतातच. जो बदल एका मिनिटात परत फिरवता येतो तो करावा.

एखाद-दुसरं रीड आपल्याच शेजाऱ्यांशी जुळत नसेल तेवढं मात्र लावायला हरकत नाही. नियम असा: पात्याच्या टोकाकडे खरवडलं की वजन कमी होतं, सूर चढतो. मुळाकडे खरवडलं की ताठपणा कमी होतो, सूर उतरतो. पात्याखाली पातळ पितळी पत्रा सरकवून, धारदार चाकूनं एक हलका ओरखडा, रीड परत बसवून ऐकणं, मग दुसरा. दोन सूर एकत्र वाजवल्यावर सेकंदाला एक लाट ऐकू आली तर फरक एका हर्ट्झचा. हातात धरलेल्या रीडवर निर्णय घेऊ नका. हाताच्या उबेनंही ती थोडी उतरते.

८. मोटार बसवायची का?

वाजवणाऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर बसवा, त्यात पाप नाही. पण पायट्या तशाच चालू राहिल्या पाहिजेत, आणि मूळ लाकडाला भोक पाडायचं नाही. भात्याची मागची एखादी सुटी फळी काढून ठेवा, तिच्या मापाची नवी फळी करा आणि नळी तिला जोडा. जुनी फळी कापडात गुंडाळून, आकडा लिहून, पेटीच्या आतच.

व्हॅक्यूम क्लीनरची मोटार लावायचा जुगाड सगळ्यांना सुचतो. ती फार जोरात ओढते, गोंगाट करते, आणि वाहत्या हवेवरच थंड होत असल्यानं हळू वाजवताना तापते. कमी दाबाचा ब्लोअर घ्या, तो वेगळ्या खोक्यात, शक्यतो भिंतीपलीकडे ठेवा. आम्ही अजून बसवलेली नाही. बाई म्हणतात, वीज गेली की तुमचा कीबोर्ड गप्प बसतो, माझे पाय नाही.

९. कारागीर शोधताना

तंतुवाद्यांसाठी मिरजेचं नाव आहेच, आणि मिरज-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हातपेटी दुरुस्त करणारे चांगले लोक आहेत. पण हातपेटीचं रीड फळीवर स्क्रूनं बसतं, पायपेटीचं खाचेत सरकतं. एकच प्रश्न विचारा: "तुमच्याकडे रीड उपसायचा हूक आहे का?" समोरचा "कसला हूक?" म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या. तुटलेल्या रीडच्या जागी हातपेटीचं पालिताणा रीड (गुजरातेतल्या पालिताण्याचं) चिकटवून देतो म्हणणाऱ्यालाही.

सुटे भाग कुठे मिळतील? आपल्या भागाचं एक सुदैव आहे. संगीत नाटकांच्या साथीला हेच ऑर्गन असायचे. नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंबे इथल्याच सांगवड्याचे, आणि शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, याच शहरात. जुन्या घरांच्या माळ्यावर अशा ऑर्गनचे सांगाडे पडलेले असतात, घरच्यांना ते टेबल वाटतं. मला चार रीड अशाच एका 'टेबला'तून मिळाली, वरची कुंडी उचलून.

१०. पाऊस, उंदीर आणि पूर

रोज पंधरा मिनिटं वाजवणं ही सगळ्यात स्वस्त निगा. पेटी पश्चिमेच्या ओल येणाऱ्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पिशव्या आत ठेवा आणि दर रविवारी त्या बदला. आत बल्ब लावून ऊब द्यायची पद्धत काही जण सांगतात. सेल्युलॉइड आठवा आणि तो नाद सोडा. पायट्यांच्या फटीतून उंदीर शिरतो. ही कटकट इतकी जुनी आहे की काही अमेरिकन पेट्यांच्या लोखंडी पायट्यांवर 'माउस प्रूफ' अशी अक्षरंच ओतलेली असतात. आमच्यावर नव्हती, म्हणून आतून बारीक तारेची जाळी मारली, स्क्रूनं, खिळ्यांनी नाही.

आणि पंचगंगा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण बघितला आहे. पाणी शिरलंच तर पेटी उन्हात ठेवू नका. सरस सुटतो आणि लाकूड तडकतं. सावलीत, पंख्याखाली, सगळ्या फळ्या उघडून हळू वाळवा. चिखल लागलेली रीड मात्र लगेच काढून स्वच्छ पाण्यात धुवा आणि त्याच क्षणी पुसा.

त्यापेक्षा आधीच हलवा. पट्ट्या आणि रीड असलेला वरचा मजला भात्यापासून वेगळा होतो. आमच्या पेटीत तो आठ स्क्रूंवर आहे. त्या आठांच्या डोक्यावर मी लाल रंगाचा ठिपका दिला आहे आणि झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली आहे: 'पुराची सूचना आली तर फक्त लाल. दोन माणसं. वर गॅलरीत.' रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर आतच उजव्या बाजूला सुतळीनं बांधला आहे. तो गेल्या महिन्यात कुणीतरी पंखा बसवायला नेला होता. परत आणून बांधला, आता सुतळीच्या जागी तार आहे.